रिकव्हरीच्या फायली ओएसने ठेवाव्यात तरी कुठे? (आणि सी ड्राइव्हच्या मागचं ते पार्टिशन उडवू का?)

वाळपईकर

मंडळी, प्रश्न एकच आहे पण त्याला दोन तोंडं आहेत. गावच्या वाचनालयात चार पीसी आहेत, विंडोज ११. २५६ जीबीच्या डिस्क काढून ५१२ च्या एसएसडी घातल्या, क्लोन मारला, सगळं जसंच्या तसं आलं. आता सी भरत आलाय, डिस्कच्या शेवटी अर्धी जागा रिकामी पडलीय, तरी सी वाढवता येत नाही, कारण मधे साडेसातशे एमबीचं एक रिकव्हरी पार्टिशन आडवं झोपलंय. राइट क्लिक केलं तर डिलीटचा पर्याय पण देत नाही.

तर एक, हे उडवलं तर काय बिघडेल? आणि दोन, मुळात आणीबाणीला लागणाऱ्या फायली त्याच डिस्कवर ठेवायचं लॉजिक काय? डिस्क मेली की त्या पण मेल्या. आणि डिस्क जिवंत असेल तर सी मधेच एखाद्या फोल्डरात ठेवा की, वेगळी चूल कशाला?

"नेटवरून उतरवून घ्या" असं कृपया कोणी सांगू नका, इथे पाऊस सुरू झाला की माड तारेवर पडतो आणि नेट चवथीपर्यंत आजारी.

खाजन_बांध

उडव रे बिनधास्त. इतकी वर्षं विंडोज वापरतोय, त्या पार्टिशनचं तोंड पाहायची वेळ आली नाही. एक पेन ड्राइव्ह करून ठेव, विषय संपला.

डिचोलीचा_दादूस

थांबा थांबा, आधी काही उडवू नका.

वाळपईकरबाब, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, म्हणजे पहिल्याचं उत्तर आपोआप येईल. डिस्क पूर्ण मरणं हा बिघाडाचा एक प्रकार झाला. त्यापेक्षा जास्त वेळा काय होतं, अपडेट अर्ध्यात अडकतं, ड्रायव्हर चुकीचा बसतो, वीज जाते आणि सी ची फाइल सिस्टिम घाण होते. यात डिस्क ठणठणीत असते, फक्त सी उघडत नाही. अशा वेळी सी च्या पोटात ठेवलेल्या रिकव्हरीचा उपयोग काय? म्हणून ती शेजारी, वेगळ्या पार्टिशनवर. दुसरं कारण बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन. सी एन्क्रिप्ट केलेला असेल आणि रिकव्हरी पण त्याच्या आत असेल तर चावी पेटीत टाकून पेटीला कुलूप लावल्यासारखं होतं. म्हणून ते छोटं पार्टिशन उघडं ठेवलेलं असतं.

त्या पार्टिशनमध्ये मुख्य फाइल एकच, विनआरई डॉट विम (विनआरई म्हणजे विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट). त्यात एक छोटं विंडोज असतं, ते रॅममध्ये उघडतं आणि तिथून स्टार्टअप रिपेअर, सेफ मोड, कमांड प्रॉम्प्ट वगैरे मिळतं.

हलवायचं असेल तर क्रम असा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी रीएजंटसी /इन्फो, ही रिकव्हरी सांभाळणारी कमांड (टाइप इंग्रजीतच करायचं हां). स्टेटस एनेबल्ड दिसलं तर रीएजंटसी /डिसेबल. त्याने ती विम फाइल सी मधल्या विंडोज > सिस्टिम३२ > रिकव्हरी या फोल्डरात परत येते. ती आलीय हे डोळ्यांनी बघायचं. मग डिस्कपार्टमधून (पार्टिशन हाताळायची कमांड) पार्टिशन डिलीट, तिथे ओव्हरराइड लावावं लागतं. मग सी वाढवायचा, पण डिस्कच्या शेपटीला १ जीबी सोडून. त्या १ जीबीत नवीन रिकव्हरी पार्टिशन, टाइप आयडी रिकव्हरीचाच द्यायचा, आणि रीएजंटसी /एनेबल.

सुके_बांगडे

मी फणसाची बिकणां भाजून घेऊन बसलोय. चालू द्या.

शेल_आणि_शिंपल्या

दादूस, तुमचं बरोबर आहे पण हे फक्त विंडोजपुरतं झालं. धाग्याच्या नावात ओएस आहे म्हणून थोडा इतिहास सांगते, मजेशीर आहे.

युनिक्समध्ये (लिनक्सची पूर्वज ओएस) /बिन आणि /यूएसआर/बिन अशा दोन जागा का, याचं पुस्तकी उत्तर असं की मशीन बूट करायला आणि दुरुस्त करायला जे लागतं ते /बिन आणि /एसबिन मध्ये, बाकीचं /यूएसआर मध्ये. म्हणजे /यूएसआर वेगळ्या डिस्कवर असेल आणि ती माउंट झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडली गेली नाही, तरी दुरुस्तीची हत्यारं हाताशी. लिनक्सच्या फोल्डर रचनेचं जे स्टँडर्ड आहे, एफएचएस, त्यातही रूट फाइल सिस्टिममध्ये बूट, रिस्टोअर, रिकव्हर आणि रिपेअरला पुरेल इतकं असावं असंच लिहिलंय.

पण सुरुवात काही एवढ्या विचाराने झालेली नव्हती. २०१० मध्ये रॉब लँडली यांनी बिझीबॉक्सच्या (बऱ्याच कमांड एकाच बायनरीत देणारं सॉफ्टवेअर) मेलिंग लिस्टवर हे सगळं लिहिलं होतं. १९७१ च्या सुमारास युनिक्सचे जनक केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची पीडीपी-११ या कॉम्प्युटरवर काम करत होते, आरके०५ नावाच्या डिस्क होत्या, एकेकीत जेमतेम दोन-अडीच एमबी. पहिली डिस्क भरली, मग सिस्टिमचे प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवर सांडले, जिथे युजर लोकांच्या फायली होत्या, म्हणून /यूएसआर. आता दुसरी डिस्क माउंट करायला माउंट ही कमांड पहिल्या डिस्कवरच हवी ना, म्हणून काही गोष्टी तिथेच ठेवणं भाग पडलं. जागा संपली म्हणून केलेली सोय, पुढच्यांनी तिचं तत्त्वज्ञान केलं.

आज हे काम इनिटरामएफएस करतं. कर्नलबरोबर (ओएसचा गाभा) एक छोटी फाइल सिस्टिम रॅममध्ये येते, तिच्यात माउंट, एफएससीके (फाइल सिस्टिम तपासणारी कमांड), एलव्हीएम (डिस्कचे भाग सांभाळणारं), एन्क्रिप्शनची अवजारं सगळं असतं. म्हणून फेडोरा या लिनक्स डिस्ट्रोने २०१२ मध्ये आवृत्ती १७ ला /बिन थेट /यूएसआर/बिन ला जोडून टाकलं आणि डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोच्या १२ मध्ये, म्हणजे २०२३ ला, ते सक्तीचं झालं. रिकव्हरीची जागा रूटमधून /बूट मध्ये सरकली, इतकंच.

पीडीपी_ते_पीसी

शिंपल्याबाय, इतिहास छान सांगितलात, पण निष्कर्ष मला मान्य नाही. सोय म्हणून सुरू झालं म्हणून ते वाईट ठरत नाही. नोकरीत सर्व्हर सांभाळण्यात आयुष्य गेलंय माझं. रूट छोटं, वेगळं, कमी लिहिलं जाणारं असलं की ते बिघडायची शक्यताच कमी. /यूएसआर वर रोज काहीतरी इन्स्टॉल होतं, अपडेट होतं. सगळं एकत्र केलंत म्हणजे जे रोज बदलतं त्याच्यावर आणीबाणी टांगली.

आणि इनिटरामएफएस म्हणाल तर ते कोण बनवतं? चालू सिस्टिमच बनवते, चालू सिस्टिमच्याच फायली उचलून. सिस्टिममधली लायब्ररी गंडलेली असताना नवीन इनिटरामएफएस बनलं तर तीच गंडलेली लायब्ररी आत.

फ्रीबीएसडीकडे बघा, ती पण युनिक्सच्या घराण्यातली ओएस. तिथे /रेस्क्यू म्हणून डायरेक्टरी आहे, ५.२ आवृत्तीपासून. आत शे-सव्वाशे कमांड दिसतात पण प्रत्यक्षात एकच बायनरी, सगळी नावं तिच्याच हार्ड लिंक. स्टॅटिक लिंक केलेली, म्हणजे सी लायब्ररी उडाली तरी एलएस, एमव्ही, एफएससीके, व्हीआय सगळं चालतं. लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी चुकून हलवली की एलएस पण चालत नाही, आहे ठाऊक?

शेल_आणि_शिंपल्या

@पीडीपी_ते_पीसी काका, स्टॅटिक बायनरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून तर मी स्टॅटिक बिझीबॉक्स टाकून ठेवते. पण रूट डिस्कच माउंट होत नसेल तर तुमचं /रेस्क्यू पण गेलंच की. इनिटरामएफएस तेव्हाही चालतं. फेडोरा तर इन्स्टॉल करतानाच एक वेगळी रेस्क्यू एंट्री करून ठेवतो, जिला नंतर अपडेट हात लावत नाही, म्हणजे तुमची गंडलेल्या लायब्ररीची शंका तिथे लागू नाही.

पीडीपी_ते_पीसी

हो, आणि त्या एंट्रीतून इमर्जन्सी मोडला गेलात की स्क्रीनवर काय येतं? रूट (ॲडमिन) अकाउंट लॉक आहे, कन्सोल उघडता येत नाही, एंटर दाबा. एंटर दाबलं की परत तेच. उबुंटू, फेडोरा दोन्हीकडे रूटला पासवर्ड न देता इन्स्टॉल केलं तर हे बघायला मिळतं. फायली जागेवर, दार बंद.

शेल_आणि_शिंपल्या

हा बॉल मी सोडते. 😄

पर्वरीचा_मॅकवाला

ॲपलवाले हे सगळं बघून हसत असतील. २०११ ला मॅकच्या लायन आवृत्तीबरोबर रिकव्हरी एचडी नावाचं लपवलेलं पार्टिशन आलं, आणि ते पण गेलं तर फर्मवेअर स्वतः वायफायला जोडून नेटवरून रिकव्हरी उतरवून घेतं. तीन बोटं दाबून बसा फक्त. (हे इंटेलवाल्या मॅकचं हां.)

खाजन_बांध

वाय फाय. जुलैत. सत्तरीत. 😂

वाळपईकर

@पर्वरीचा_मॅकवाला मूळ पोस्टमधली शेवटची ओळ वाचा हो.

डिचोलीचा_दादूस

मॅकवालेबाब, आणि नवीन एम सिरीजच्या मॅकमध्ये बूटची सुरुवातच आतल्या एसएसडीवरून होते. ती एसएसडी मेली तर बाहेरच्या डिस्कवरून पण बूट होत नाही. म्हणजे वाळपईकरांचा दुसरा प्रश्न, "डिस्क मेली तर काय", तिथे उलट जास्त टोकदार झालाय. सॉफ्टवेअर बिघडलं तर दुसरा मॅक केबलने जोडून डीएफयू नावाच्या दुरुस्तीच्या मोडमधून रिस्टोअर होतं, पण दुसरा मॅक असायला हवा ना.

माटोळी

मला एक कळत नाही, मदरबोर्डवरच का नाही ठेवत हे? बायोस असते तशी चिप.

डिचोलीचा_दादूस

जागा पुरत नाही हो. बायोसची चिप साधारण १६ किंवा ३२ एमबीची. विनआरईची फाइल चार-पाचशे एमबीच्या घरात. आणि मोठी चिप घातली तरी तिच्यातलं विंडोज जुनं होणार, ते अपडेट कोण करणार?

इथेच तर खरी गोची आहे. रिकव्हरी ही ठेवली आणि विसरली अशी वस्तू नाही. जानेवारी २०२४ चं ते अपडेट आठवतंय का, केबी५०३४४४१? बिटलॉकरला बगल देणारी एक फट विनआरईमध्ये होती ती बुजवायला आलं होतं. पण रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे हवेत अशी अट, आणि जगभरातल्या कित्येक पीसींवर ते पार्टिशन चारपाचशे एमबीचं, गच्च. झालं, ०x८००७०६४३ एरर. मायक्रोसॉफ्टने पार्टिशन हाताने वाढवायच्या कमांड दिल्या लोकांना! घरी बसून सिनेमा बघणाऱ्या माणसाला डिस्कपार्ट चालवायला सांगितलं. पुढे विंडोज १० साठी आपोआप काही दुरुस्ती येणार नाही असंही त्यांनीच सांगून टाकलं.

शेल_आणि_शिंपल्या

उबुंटूमध्ये /बूट भरून अपडेट अडकतं ते हेच. जुने कर्नल साठतात, नवीन इनिटरामएफएस लिहायला जागा नाही. वेगळं पार्टिशन केलं की त्याचा आकार इन्स्टॉलच्या दिवशी ठरतो आणि पाच वर्षांनी तो कमीच पडतो. या बाबतीत "सी मधेच ठेवा" हा मूळ धाग्यातला पर्याय सरस आहे, हे कबूल करावं लागेल.

सुके_बांगडे

म्हणजे मगाशी दोन पानं भांडलात ते कशासाठी?

पोफळीबाय

मी ऑफिसात काम करते, आयटीवाली नाही, तरी एक गोष्ट सांगते. फायली कुठेही ठेवा, पण ती ४८ आकडी बिटलॉकर की (चावी) कुठे ठेवलीत ते आधी विचारा. १९ जुलै २०२४ आठवा, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचं ते बिघडलेलं अपडेट. मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकल्या होत्या. उपाय अगदी साधा, सेफ मोड किंवा रिकव्हरीत जायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरातून २९१ नंबरवाली एक फाइल उडवायची, रिस्टार्ट. रिकव्हरी पार्टिशन जिथल्या तिथे होतं सगळ्यांचं. पण ते सी उघडायला की मागतं, आणि बऱ्याच कंपन्यांच्या की ज्या सर्व्हरवर साठवलेल्या, तो सर्व्हर पण निळा. आयटीची मुलं एकेका टेबलाजवळ जाऊन आकडे टाइप करत बसली होती जगभर.

हल्लीच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की न विचारता एन्क्रिप्शन चालू होतं, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर फारच. की त्या अकाउंटमध्ये जाते. आता घरात किती जणांना त्या अकाउंटचा पासवर्ड आठवतो ते बघा विचारून.

माटोळी

+१. माझ्या भावाचं अकाउंट कोणत्या ईमेलवर आहे हेच त्याला ठाऊक नाही.

पीडीपी_ते_पीसी

पोफळीबाय, हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. त्यात माझी भर: ऑक्टोबर २०२५. विंडोज ११ चं मासिक अपडेट आलं आणि विनआरईमध्ये गेलं की यूएसबीचा माउस आणि कीबोर्ड चालेना. विंडोजमध्ये चालतो, रिकव्हरीत नाही. सहा दिवसांनी, २० तारखेला, घाईघाईने दुरुस्ती सोडली. त्या सहा दिवसांत रिकव्हरी लागली असती तर जुना गोल पिनवाला पीएस/२ कीबोर्ड असलेलाच माणूस तरला असता.

सुके_बांगडे

माझ्याकडे आहे!! पिवळा पडलाय, एंटर अडकतं, पण आहे. भाड्याने मिळेल.

खाजन_बांध

बघा, मी पहिल्यापासून काय सांगतोय. पेन ड्राइव्ह. डिस्कच्या बाहेर, ना बिटलॉकर ना अपडेट.

माटोळी

खाजनबाब, पेन ड्राइव्हचं सांगू का, घरात रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह रिकव्हरीचा राहतच नाही. मी लाल रंगाचा वेगळा ठेवला होता, वर लेबल लावून. चवथीला भाच्याने आरत्या आणि घुमटाचे व्हिडिओ भरायला फॉरमॅट मारला. विचारलं तर म्हणे "मामी, त्यात कायच नव्हतं, नुसत्या कसल्यातरी फायली होत्या".

खाजन_बांध

😂😂 बरं. कपाटात कुलूप लावून.

पोफळीबाय

आणि पावसाळ्यात कपाटातल्या वस्तूंचं काय होतं ते गोंयकाराला सांगायला नको. समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या पिनांवर हिरवं धरतं. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा, आणि वर्षातून एकदा लावून बघा.

डिचोलीचा_दादूस

माटोळीबायच्या उदाहरणात खरं तर पार्टिशनच्या बाजूचा मुद्दा लपलाय. पार्टिशन कोणी उसनं नेत नाही, कोणी त्यात आरत्या भरत नाही. विंडोज त्याला अक्षर देत नाही, एक्सप्लोररमध्ये दिसत नाही, डिलीटचा पर्याय पण मिळत नाही. वाळपईकरांना जो त्रास झाला तो मुद्दाम करून ठेवलेला आहे. वाचनालयात दिवसभर शाळेची पोरं बसतात, तिथे याची किंमत आहे.

वाळपईकर

मंडळी, आज वाचनालयात जाऊन रीएजंटसी /इन्फो चारही मशीनवर मारलं. एकावर एनेबल्ड. बाकी तिन्हींवर डिसेबल्ड, आणि लोकेशनपुढे काहीच नाही, कोरं! पार्टिशन मात्र चौघांवर आहे. हे कसं काय?

डिचोलीचा_दादूस

क्लोनिंग. विंडोजने आपल्या नोंदीत जुन्या डिस्कवरच्या पार्टिशनचा पत्ता लिहून ठेवलेला असतो, नवीन डिस्कवर आयडी बदलला की त्याला ते सापडत नाही. पार्टिशन आहे, आत फाइल आहे, पण बूट करणाऱ्याला ठाऊक नाही. ऐन वेळी कळलं असतं.

आणि आता नीट ऐका, त्या तीन मशीनवर /डिसेबल मारून काही होणार नाही, ते आधीच डिसेबल्ड आहे, त्यामुळे विम फाइल सी मध्ये परत आलेली नाही. पार्टिशन डिलीट केलंत की फाइल गेली. खाजनबाबांचं ऐकून परवाच उडवलं असतं तर तिन्हींची एकमेव प्रत गेली असती. आधी डिस्कपार्टमधून पार्टिशनला अक्षर द्या, आत रिकव्हरी > विंडोजआरई फोल्डरात विनआरई डॉट विम असेल, ती लपवलेली असते, ती सी मधल्या सिस्टिम३२ > रिकव्हरीत कॉपी करा. मग डिलीट, सी वाढवणं, शेपटीला नवीन पार्टिशन. शेवटी रीएजंटसी /सेटआरईइमेज ने त्या फोल्डरचा पत्ता सांगून /एनेबल.

खाजन_बांध

मी पेन ड्राइव्ह कर असं पण म्हटलं होतं हां. ते कोणी बघत नाही.

वाळपईकर

दादूसबाब, तुम्ही सांगितलं तसंच केलं, चारही एनेबल्ड दाखवतायत आणि रीएजंटसी /बूटटूआरई मारून प्रत्येकावर रिकव्हरी उघडून पण बघितली, माउस कीबोर्ड चालतो. 😀 सी ला पण ऐसपैस जागा मिळाली. बिटलॉकर तिथे बंद आहे, तो बंदच ठेवतोय, पुस्तकांच्या यादीशिवाय काही नाही आत. शिवाय एक पेन ड्राइव्ह ग्रंथपाल बाईंच्या ड्रॉवरमध्ये, सिलिका जेलसकट. देव बरें करूं सगळ्यांना.

काका आणि शिंपल्याबाय, पाचवा एक जुना पीसी पडून आहे तिथे, २ जीबी रॅम. त्यावर लिनक्स घालायचं मनात आहे. /यूएसआर वेगळं करू का एकत्र?

पीडीपी_ते_पीसी

वेगळं.

शेल_आणि_शिंपल्या

एकत्र. आणि काका, हल्लीच्या डिस्ट्रोत वेगळं केलंत तरी ते इनिटरामएफएसच माउंट करतं, म्हणजे फिरून माझ्याच दारात.

सुके_बांगडे

बिकणां संपली. कोणीतरी आणा.